हंगाम भरात आला की आकड्यांची पट्टी अडकते: संथ काउंट क्वेरीचं निदान आणि कायमचा उपाय

देवगड तालुक्यातल्या काही हापूस बागायतदारांची एकत्र वेबसाइट मी सांभाळतो. ऑक्टोबर 2018 मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. पेटी नेमकी कुठल्या गावच्या बागेतली हे दाखवता यावं म्हणून आमच्याकडे प्रत्येक पेटीला क्यूआर कोडची चिठ्ठी लागते आणि डेटाबेसात प्रत्येक पेटीची एक ओळ पडते. पेटी भरली, टेम्पोत चढली, पोचली, तशी त्या ओळीतली स्थिती बदलत जाते. पहिल्या पानावर वरच पाच आकड्यांची पट्टी आहे: हंगामातल्या एकूण पेट्या, आज भरलेल्या, वाटेत असलेल्या, पोचलेल्या आणि माल पाठवणारे बागायतदार किती. खाली हेच आकडे गाववार.

दुखणं असं. फेब्रुवारीत पट्टी क्षणात उमटते. गुढीपाडव्याच्या सुमाराला रेंगाळायला लागते. अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात आठ-दहा सेकंद पान पांढरं राहतं आणि वखारीतून फोन येतो, "आकडो काय हलना नाय." सर्व्हर रीस्टार्ट केला की दुसऱ्या दिवशी जरा बरं वाटतं, चार दिवसांनी पुन्हा तेच. जूनमध्ये पाऊस लागला, हंगाम आटोपला की दुखणं आपोआप थांबतं आणि पुढच्या पाडव्यापर्यंत कोणाला आठवत नाही. सलग तीन हंगाम हे चाललं. दर वर्षी मी काहीतरी दुरुस्त करायचो, ते खरंच सुधारायचं, आणि तरी पुढच्या वर्षी पुन्हा उभं राहायचं.

आमचा डेटाबेस पोस्टग्रेस आहे. क्वेरी म्हणजे डेटाबेसाला विचारलेला प्रश्न, आणि काउंट क्वेरी म्हणजे "अशा ओळी किती" हा प्रश्न. घरगुती निवासाची बुकिंग मोजायची असोत, मासळीच्या लिलावाच्या नोंदी असोत की घरपट्टीच्या पावत्या, जिथे पानावर "एकूण किती" असा आकडा दिसतो तिथे हे सगळं जसंच्या तसं लागू पडेल. आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या नेहमीच्या अक्षरांत आणि शब्दांमध्ये अंडरस्कोअर घालून लिहायच्या.

आधी प्लॅन वाचा

पहिल्या वर्षी मी थेट कॅशे लावायला, म्हणजे एकदा काढलेला आकडा साठवून काही वेळ तोच दाखवायला, धावलो. ते चुकलं. पट्टी कशामुळे अडते ते कळण्याआधीच मी तिच्यावर झाकण ठेवलं. सुरुवात प्लॅनपासून करा, म्हणजे उत्तर काढायला पोस्टग्रेस कुठल्या पायऱ्या चढतं त्या यादीपासून. ती अशी मागवायची:

एक्स्प्लेन (अ‍ॅनलाइझ, बफर्स) सिलेक्ट काउंट(*) फ्रॉम पेट्या व्हेअर हंगाम = 2024 अँड स्थिती = 'वाटेत';

अ‍ॅनलाइझ लावलं की क्वेरी खरोखर चालते, त्यामुळे अपडेट किंवा डिलीटवर हे लावायचं असेल तर व्यवहार (ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या बदलांचा गट) उघडून शेवटी रोलबॅक, म्हणजे रद्द, करा. उत्तरात चार गोष्टी शोधायच्या. "सीक स्कॅन", म्हणजे सीक्वेन्शियल स्कॅन, सगळं टेबल पहिल्यापासून वाचणं, दिसतंय का. "रोज रिमूव्ह्ड बाय फिल्टर" हा आकडा किती मोठा, म्हणजे किती ओळी वाचून फेकून दिल्या. बफर्समध्ये "हिट" जास्त की "रीड" जास्त, म्हणजे डेटाची पानं (टेबलातल्या ओळी ज्या ठरावीक तुकड्यांत ठेवलेल्या असतात ते) पोस्टग्रेसच्या स्वतःच्या मेमरीत सापडली की बाहेरून मागवावी लागली. आणि "हीप फेचेस", ते काय ते पुढे येतं. या शेवटच्या आकड्याकडे मी दोन वर्षं पाहिलंच नाही, आणि सगळं दुखणं तिथेच होतं.

मोजणी मुळात जड का, हे एकदा नीट समजलं की पुढचे उपाय पाठ करावे लागत नाहीत. पोस्टग्रेस कुठेही "या टेबलात इतक्या ओळी" असा पक्का आकडा धरून ठेवत नाही, कारण असा एक आकडा असूच शकत नाही. एकाच क्षणी कोणी पेटी नोंदवत असतं, पण त्याचा व्यवहार कमिट, म्हणजे पक्का, झालेला नसतो. त्याला स्वतःला ती ओळ दिसते, तुम्हाला दिसत नाही. प्रत्येकाची मोजणी त्याच्या त्याच्या नजरेची, म्हणून प्रत्येक ओळ "ही मला दिसते का" असं विचारतच मोजावी लागते. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसात जुनं मायआयसॅम इंजिन एकूण ओळींचा आकडा धरून ठेवायचं, तिथे काउंट लगेच यायचा. त्याचंच नंतरचं इनोडीबी इंजिन तसं करत नाही, कारण तिथेही तोच प्रश्न आहे. काउंट(*) ऐवजी काउंट(1) लिहून वेळ काही वाचत नाही. काउंट(कॉलम) तर वेगळंच मोजतं, त्या कॉलमात नल (किंमत न भरलेल्या) असलेल्या ओळी सोडून देतं.

आता हिशेब करून पाहा. समजा टेबलात सगळ्या हंगामांच्या मिळून 20 लाख ओळी आहेत आणि एक ओळ साधारण 200 बाइटची. पोस्टग्रेसचं एक पान 8 केबीचं, त्यात अशा चाळीसेक ओळी बसतात. म्हणजे 50,000 पानं, जवळपास 400 एमबी. शेअर्ड बफर्सची, म्हणजे पोस्टग्रेसच्या त्या स्वतःच्या मेमरीची, मूळ सेटिंग 128 एमबी. वर असं की, टेबल शेअर्ड बफर्सच्या चौथ्या हिश्शापेक्षा मोठं असेल तर सीक्वेन्शियल स्कॅन मुद्दामच एका छोट्या कोपऱ्यात फिरत राहतो, इतरांची पानं बाहेर ढकलली जाऊ नयेत म्हणून. तेव्हा "दोनदा चालवलं की गरम होईल" ही आशा पोस्टग्रेसच्या मेमरीच्या बाबतीत इथे लागू होत नाही, ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशेने सांभाळलं तर तेवढंच. आमच्या पट्टीत पाच आकडे, म्हणजे पाच वेळा 400 एमबी. आणि पान उघडणारे एकाच वेळी वीसजण.

पहिली दुरुस्ती: क्वेरी लिहिण्यातल्या चुका

पाच वेगळ्या क्वेऱ्यांऐवजी एकच लिहिली. पोस्टग्रेस 9.4 पासून, म्हणजे 2014 पासून, काउंट(*) फिल्टर (व्हेअर स्थिती = 'वाटेत') असं लिहिता येतं. एकाच फेरीत सगळे आकडे निघतात. मात्र हे सरसकट करू नका. एखादा आकडा फार थोड्या ओळींचा असेल, जसं आमच्या "वाटेत" पेट्या, तर त्याच्यासाठी फक्त तेवढ्याच ओळींचा पार्शल इंडेक्स (इंडेक्स म्हणजे ओळी पटकन शोधायची सूची) करून तो आकडा वेगळा काढलेला स्वस्त पडतो. लाखो पेट्यांत कुठल्याही क्षणी वाटेत असतात त्या काही टेम्पोभर.

दुसरी चूक तारखेची होती, आणि ती नुसती संथ नव्हती, आकडाही चुकवत होती. मी लिहिलं होतं व्हेअर डेट(नोंद_वेळ) = करंट_डेट. कॉलमाला असं फंक्शनात गुंडाळलं की नोंद_वेळ वरचा साधा इंडेक्स कामाला येत नाही, प्रत्येक ओळीवर फंक्शन चालवून बघावं लागतं. त्याऐवजी सीमा द्यायच्या: नोंद_वेळ आजच्या मध्यरात्रीपासून पुढे आणि उद्याच्या मध्यरात्रीच्या आधी. उजवी सीमा "पेक्षा कमी" अशीच ठेवायची. दोन्ही टोकं धरणारं बिट्वीन वापरलं तर बरोबर बाराची नोंद दोन्ही दिवसांत मोजली जाते.

आणि मध्यरात्र कुठली, हा प्रश्न इथे फार जिव्हाळ्याचा आहे. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, होता. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळातली प्रत्येक नोंद आदल्या दिवसात जात होती. कार्यालयीन कामात हे कोणाच्या लक्षातही आलं नसतं. पण आमच्याकडे वाशीला जाणारा माल रात्रीच भरतात. उशिरापर्यंत पेट्या बंद होत असतात, नेमक्या त्याच तासांत. वखारीतली वही आणि वेबसाइट यांचा आकडा रोज जुळत नव्हता, आणि मी तो स्कॅनिंगचा घोळ समजून वखारीतल्या पोरांना बोल लावत होतो. कॉलम टाइमझोनसह ठेवा आणि दिवसाची सीमा एशिया/कोलकाता या पट्ट्यातच काढा.

तिसरी चूक पाचव्या आकड्यात होती. "माल पाठवणारे बागायतदार किती" हा काउंट(डिस्टिंक्ट बागायतदार), म्हणजे वेगवेगळे बागायतदार मोजा, असा होता. याने सगळ्या हंगामाच्या ओळी गोळा करून क्रम लावायला घेतला. अशा कामाला मिळणाऱ्या मेमरीची, वर्क_मेमची, मूळ सेटिंग 4 एमबी, त्यात ते मावेना, म्हणून डिस्कवर सांडायला लागलं. प्लॅनमध्ये "एक्स्टर्नल मर्ज" आणि पुढे "डिस्क" दिसलं की हेच घडतंय असं समजा. वर्क_मेम वाढवणं हा एक मार्ग आहे, पण ती मर्यादा क्वेरीतल्या प्रत्येक पायरीला वेगळी लागते, तेव्हा सगळ्यांसाठी एकदम वाढवू नका. मला चांगला वाटलेला मार्ग प्रश्न उलटा विचारण्याचा. बागायतदार काही शे आहेत, पेट्या लाखो. मग पेट्यांच्या ढिगातून बागायतदार वेचण्यापेक्षा बागायतदारांच्या यादीवरून फिरावं आणि प्रत्येकाला विचारावं, "या हंगामातली तुझी एक तरी पेटी आहे का?" सिलेक्ट काउंट(*) फ्रॉम बागायतदार व्हेअर एक्झिस्ट्स (...). बागायतदार आणि हंगाम यांवर इंडेक्स असेल तर प्रत्येकामागे एक झटपट शोध, पहिली पेटी सापडली की पुढे बघायचंच नाही. या एका बदलाने पट्टीतला सगळ्यात रेंगाळणारा आकडा सगळ्यात वेगवान झाला.

इंडेक्स लावला, फेब्रुवारीत पळाला, एप्रिलमध्ये बसला

दुसऱ्या वर्षी (हंगाम, गाव, स्थिती) असा इंडेक्स केला. चालू टेबलावर करताना क्रिएट इंडेक्स कन्करंटली वापरा, नाहीतर इंडेक्स होईपर्यंत पेट्यांची नोंद थांबते. हेतू असा होता की मोजणी टेबलाला हात न लावता इंडेक्समधूनच व्हावी. पोस्टग्रेस 9.2 पासून, 2012 पासून, हे "इंडेक्स ओन्ली स्कॅन" जमतं. प्लॅनमध्ये तेच नाव आलं, पट्टी पळाली, मला वाटलं संपलं.

एप्रिलमध्ये पट्टी पुन्हा अडली. प्लॅनमध्ये नाव तेच, इंडेक्स ओन्ली स्कॅन. पण त्याखालची ओळ, "हीप फेचेस", शून्यावरून लाखांत गेली होती.

हे समजण्यासाठी वखार डोळ्यांपुढे आणा. पेट्यांच्या थप्प्या लावल्या आहेत आणि दाराशी एक वही आहे. वहीत प्रत्येक पेटीची नोंद आहे, पण ती पेटी अजून खरी जागेवर आहे की नाही हे वहीत लिहिलेलं नाही. म्हणून ज्या थप्पीत सगळं जसंच्या तसं आहे तिच्यावर खडूने फुली मारून ठेवतात. मोजणारा वही वाचतो, थप्पीवर फुली दिसली की वहीवर विश्वास ठेवून पुढे जातो. फुली नसेल तर उठून त्या थप्पीपाशी जाऊन बघतो. थप्पीतल्या एका जरी पेटीला कोणी हात लावला की फुली पुसायची, असा नियम. पोस्टग्रेसमध्ये थप्पी म्हणजे 8 केबीचं पान, फुल्यांचा तक्ता म्हणजे व्हिजिबिलिटी मॅप, आणि उठून जाऊन बघणं म्हणजे हीप फेच. पुसलेली फुली पुन्हा मारण्याचं काम व्हॅक्यूमचं, म्हणजे पोस्टग्रेसच्या झाडलोटीचं.

आमच्याकडे प्रत्येक पेटीची स्थिती भरल्यानंतर निदान दोनदा बदलते. पोस्टग्रेसमध्ये अपडेट म्हणजे जुनी ओळ मृत ठरवून नवी लिहिणं. म्हणजे दोन्ही पानांवरच्या फुल्या जातात. शिवाय मी स्थिती हा सतत बदलणारा कॉलम इंडेक्समध्येच घातला होता. बदललेला कॉलम कुठल्याच इंडेक्समध्ये नसला आणि त्याच पानावर जागा असली तर पोस्टग्रेस नवी ओळ इंडेक्सला न छेडता लिहू शकतं. ती सवलतही मी घालवून बसलो होतो, त्यामुळे प्रत्येक बदलाला इंडेक्सही फुगत होता. स्थितीवर मोजायचं तर ती इंडेक्समध्ये हवी आणि हवी म्हणून दरवेळी ही किंमत मोजायची, या पेचावर खरा तोडगा पुढे येतो.

आता फुल्या मारणारा व्हॅक्यूम येत का नव्हता? ऑटोव्हॅक्यूमचा, म्हणजे आपोआप येणाऱ्या व्हॅक्यूमचा, मूळ नियम: मृत ओळी 50 अधिक टेबलाच्या 20 टक्के झाल्या की येतो. 20 लाखांच्या टेबलात हा आकडा 4,00,050. तेवढ्या ओळी मृत होईपर्यंत तो फिरकतच नाही. आणि दर वर्षी जुने हंगाम टेबलात साठत जातात, टेबल मोठं होतं, म्हणजे 20 टक्क्यांचा उंबरठाही दर वर्षी उंच होतो. चालू हंगामाच्या पेट्या सगळ्या मिळूनही तो उंबरठा ओलांडायला उशीर लावतात. दर वर्षी दुखणं आदल्या वर्षीपेक्षा वाढत का होतं, याचं उत्तर मला या गुणाकारात मिळालं. त्या संध्याकाळी मी वखारीच्या खळ्यात बसून तीन वर्षांचे आकडे कागदावर मांडले आणि ते जुळले, तेव्हा फार हलकं वाटलं.

उपाय सोपा आहे, आणि तो त्या एकाच टेबलापुरता करायचा. ऑल्टर टेबल पेट्या सेट (ऑटोव्हॅक्यूम_व्हॅक्यूम_स्केल_फॅक्टर = 0, ऑटोव्हॅक्यूम_व्हॅक्यूम_थ्रेशोल्ड = 5000). टक्केवारी काढून टाकली, ठरावीक आकडा दिला. टेबल कितीही वाढलं तरी पाच हजार मृत ओळींमागे एक फेरी. 5000 हा आमच्या गर्दीला मानवणारा आकडा आहे, तुमच्या टेबलात दिवसाला किती बदल होतात त्यावरून ठरवा. तुमचं टेबल नुसतंच भरत जाणारं असेल, अपडेट नसतील, तर 2020 च्या आवृत्ती 13 पूर्वीचं ऑटोव्हॅक्यूम नव्या ओळींकडे बघतही नव्हतं. 13 पासून नव्या ओळींसाठी वेगळी मर्यादा आली, मूळ सेटिंग 1000 अधिक 20 टक्के. तीही मोठ्या टेबलासाठी उतरवावी लागते.

रीस्टार्टने बरं का वाटायचं

सेटिंग बदलली, ऑटोव्हॅक्यूम दिवसातून अनेकदा यायला लागला, लॉगमध्ये त्याच्या फेऱ्या दिसत होत्या. तरी काही दिवशी हीप फेचेस चढतच राहायचे. हाताने व्हॅक्यूम (व्हर्बोज) चालवल्यावर उत्तरात ओळ आली की इतक्या हजार मृत ओळी अजून काढता येत नाहीत.

म्हणजे झाडणारा आला होता, पण कोणीतरी दारात पाय ठेवून उभं होतं. एखादा व्यवहार उघडा असेल, तर त्यानंतर मृत झालेल्या ओळी पोस्टग्रेस काढत नाही, कारण त्या उघड्या व्यवहाराला त्या अजून दिसायला हव्यात असं ते धरून चालतं. फुल्याही मारत नाही, कारण "सर्वांना दिसते" ही अट पुरी होत नाही. पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी (चालू जोडण्यांची यादी) मध्ये बघा: स्टेट कॉलमात "आयडल इन ट्रान्झॅक्शन" आणि एक्सअ‍ॅक्ट_स्टार्ट (व्यवहार सुरू झाल्याची वेळ) जुना.

आमच्यात तो एका वखारीतल्या टॅबलेटचा निघाला. मीच लिहिलेल्या स्क्रीनवर पेटी भरायला घेतली की व्यवहार उघडायचा, कच्ची ओळ लिहायचा आणि "जतन करा" दाबल्यावर कमिट करायचा. मधल्या वेळात माणूस जेवायला जातो, वीज जाते, टॅबलेट तसाच पडून राहतो. व्यवहार सकाळपासून संध्याकाळपर्यंत उघडा. एका टॅबलेटच्या उघड्या व्यवहाराने अख्ख्या डेटाबेसाची झाडलोट रोखली होती. रीस्टार्ट केला की हे अडकलेले व्यवहार तुटायचे, रात्रीत व्हॅक्यूम आपलं काम करायचा, आणि दुसऱ्या दिवशी पट्टी बरी वाटायची. ही खूण पहिल्या वर्षापासून समोर होती. "रीस्टार्टने बरं होतं" असं कोणी सांगितलं की आता मी सगळ्यात आधी उघडे व्यवहार बघतो.

दुरुस्ती दोन ठिकाणी. स्क्रीन अशी लिहिली की माणसाच्या विचारवेळेत व्यवहार उघडा राहणारच नाही. सगळं भरून झालं की व्यवहार उघडायचा, लिहायचं, बंद करायचा. आणि राखण म्हणून आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट दोन मिनिटांवर ठेवला. ही सोय 2016 च्या आवृत्ती 9.6 पासून आहे. उघडे व्यवहार सापडले नाहीत आणि तरी ओळी निघत नसतील, तर न वापरलेला रेप्लिकेशन स्लॉट (दुसऱ्या सर्व्हरवरच्या प्रतीसाठी ठेवलेली खूण) किंवा अर्धवट सोडलेला प्रिपेअर्ड (दोन टप्प्यांत कमिट होणारा) व्यवहार शोधा, तेही तितकंच अडवतात.

बंद झालेला दिवस पुन्हा मोजू नका

इथवर पट्टी एका सेकंदाच्या आत आली होती. पण तरी ती दर वेळी मार्चपासूनच्या सगळ्या पेट्या मोजत होती. कालचा, परवाचा, मागच्या महिन्यातला आकडा बदलणार नसेल तर तो पुन्हा का मोजायचा?

पहिला विचार ट्रिगरचा, म्हणजे नोंद पडताच आपोआप चालणाऱ्या कोडचा, आला. पेटी नोंदली की "एकूण" या एका ओळीत एक मिळवायचा. करू नका, निदान गर्दीच्या टेबलावर तरी. ती एक ओळ प्रत्येक नोंदीला हवी असते, आणि एक व्यवहार ती धरून बसला की बाकी सगळे रांगेत. टेम्पो सुटायच्या वेळी सगळ्या वखारी एकदम स्कॅन करतात आणि नेमक्या तेव्हाच पेटी नोंदवणंच संथ होतं. आकडा दाखवण्यासाठी नोंद अडवणं हे मला अजिबात पटत नाही. आकडा दोन मिनिटं उशिरा दिसला तर चालेल, पेटी टेम्पोत न चढता राहिली तर चालणार नाही.

मटेरियलाइज्ड व्ह्यू, म्हणजे क्वेरीचं साठवून ठेवलेलं उत्तर, 2013 च्या आवृत्ती 9.3 मध्ये आला, वाचकांना न अडवता ताजा करण्याची सोय 9.4 मध्ये, त्यासाठी त्यावर युनिक इंडेक्स लागतो. चांगली गोष्ट आहे, पण ताजा करताना तो सगळं पहिल्यापासून मोजतो. रात्रीच्या अहवालाला उत्तम, दिवसभराच्या पट्टीला नाही.

आम्ही घटनांचं टेबल केलं. पेटी भरली ही एक ओळ, टेम्पोत चढली ही दुसरी, पोचली ही तिसरी. प्रत्येकीला तिची वेळ. हे टेबल नुसतं भरत जातं, यात अपडेट नाही. इथे वरचा पेच सुटतो: बदलती स्थिती मोजायचीच नाही, घटना मोजायच्या. वाटेतल्या पेट्या म्हणजे चढलेल्या वजा पोचलेल्या. मध्यरात्र उलटली की त्या दिवसाच्या घटना गाववार मोजून "दिवसाचा गोषवारा" या छोट्या टेबलात जातात. पट्टी आता गोषवाऱ्यातल्या दिवसांची बेरीज करते आणि त्यात फक्त आजच्या घटनांची ताजी मोजणी मिळवते. अडीच महिन्यांच्या हंगामात गोषवाऱ्यात दिवस सत्तर-ऐंशी, गुणिले गावं. बेरजेला वेळच लागत नाही.

चूक दुरुस्त कशी करायची, हा प्रश्न बागायतदारांनीच विचारला. परवाची पेटी चुकून दोनदा नोंदली असेल तर? परवाचा दिवस उघडायचा नाही. आज वजा एकची उलट नोंद टाकायची, कारणासकट. जमाखर्च लिहिणाऱ्यांना हे सांगावं लागलं नाही, त्यांच्या वहीत असंच असतं. रात्री संपर्क तुटलेल्या टॅबलेटवरच्या नोंदी सकाळी येतात, त्यांनाही हाच न्याय: घटनेची वेळ वेगळी, नोंद पोचल्याची वेळ वेगळी, आणि गोषवारा पोचल्याच्या वेळेवर बंद होतो.

एक इशारा मात्र मोठ्याने देतो. वेगवेगळ्या माणसांची संख्या बेरजेने काढता येत नाही. सोमवारी 40 बागायतदारांनी माल दिला आणि मंगळवारी 35 जणांनी, तर दोन दिवसांचे 75 होत नाहीत, कारण बरेचसे तेच असतात. पेट्यांची बेरीज होते, माणसांची नाही. तो आकडा आम्ही अजूनही वर सांगितलेल्या एक्झिस्ट्सनेच काढतो.

याच्यावर मग तीस सेकंदांचा कॅशे ठेवला, कारण आता झाकणाखाली काय आहे ते माहीत होतं. कॅशेची मुदत संपली की एकानेच नवा आकडा आणायला जायचं आणि बाकीच्यांना तोवर जुना द्यायचा, नाहीतर सगळे एकदम डेटाबेसावर कोसळतात. आकड्याशेजारी "10.42 पर्यंत" अशी वेळ छापली. वखारीतल्या लोकांनी उशिराबद्दल एकदाही तक्रार केली नाही. आकडा कधीचा आहे हे माहीत नसणं त्यांना खुपत होतं.

याद्यांच्या पानांवर "एकूण 48,213 पैकी 1 ते 20" असं होतं, तेही काढलं. तो एकूण आकडा कोणी वाचत नव्हतं आणि प्रत्येक पान उलटताना तो नव्याने मोजला जात होता. वीस ओळी दाखवायच्या असतील तर एकवीस मागवा. एकविसावी आली तर "पुढे" हे बटण दाखवा. जिथे ढोबळ आकडा पुरतो तिथे पीजी_क्लास मधला रेलटपल्स हा अंदाज वाचता येतो, तो व्हॅक्यूम किंवा अ‍ॅनलाइझच्या वेळचा असतो. पेट्यांवर पैसे ठरतात, म्हणून तिथे आम्ही अंदाज वापरत नाही.

पावसाळ्यातलं काम

जूनमध्ये बागा शांत, 1 जून ते 31 जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीही बंद, तेव्हा टेबलाची मोडतोड करायला हाच काळ. आम्ही हंगामवार पार्टिशन, म्हणजे एकाच टेबलाचे वेगळे साठवलेले तुकडे, केले. 2017 च्या आवृत्ती 10 पासून हे सरळ लिहिता येतं. जुन्या हंगामाच्या पार्टिशनला कोणी हात लावत नाही, त्यावर एकदा व्हॅक्यूम चालवला की फुल्या कायम. चालू हंगामाचं पार्टिशन लहान, आणि ऑटोव्हॅक्यूम प्रत्येक पार्टिशनचा उंबरठा वेगळा मोजतो, त्यामुळे जुन्या हंगामांचं ओझं त्याच्यावर पडत नाही. क्वेरीत हंगामाची अट लिहायला मात्र विसरू नका, ती नसेल तर सगळी पार्टिशन उघडली जातात.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला मी आता एक संध्याकाळ राखून ठेवतो. पीजी_स्टॅट_यूजर_टेबल्स मध्ये एन_डेड_टप (मृत ओळी किती) आणि लास्ट_ऑटोव्हॅक्यूम (तो शेवटचा कधी आला) बघतो, पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स मधून एकूण वेळ सर्वांत जास्त खाणाऱ्या दहा क्वेऱ्या काढतो. चाचणीच्या डेटाबेसात येणाऱ्या हंगामाच्या तिप्पट पेट्या भरतो, त्यांच्या स्थिती मुद्दाम बदलत राहतो, एक व्यवहार उघडा सोडून देतो आणि मग पट्टीचा प्लॅन वाचतो. रिकाम्या, स्वच्छ टेबलावर घेतलेली वेळ एप्रिलबद्दल काहीच सांगत नाही.

हे सगळं करूनही तुमची पट्टी अडत असेल, हीप फेचेस शून्याजवळ असतील आणि एक्स्प्लेनमधली वेळ काही मिलिसेकंद दाखवत असेल, तर डेटाबेस सोडा. वेबसाइटचा कोड एका पानासाठी किती क्वेऱ्या पाठवतो ते मोजा. आमच्या गाववार तक्त्यात प्रत्येक गावासाठी एक वेगळी क्वेरी जात होती, प्रत्येक वेगवान, आणि सगळ्या एकामागून एक. गाव हा ग्रुप बाय (गटवार मोजणी) मध्ये घेतल्यावर ती एक झाली.